पुरावा नाही, की पुरावा ठेवलाच नाही?

वैज्ञानिक अहवालांत एक वाक्य वारंवार आढळते : 'संबंध ठरविण्यास उपलब्ध पुरावा अपुरा आहे.' वाक्य प्रामाणिक असते. पण ते अहवालातून निघून सरकारी कचेरीतील फायलीत गेले की त्याचा अर्थ बदलतो. 'संबंध माहीत नाही' याचे 'संबंध नाही' असे होते आणि अर्जावर नामंजुरीचा शिक्का बसतो. युद्धभूमीवर विषारी द्रव्यांच्या संपर्कात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या बाबतीत असे अनेकदा घडले आहे. त्यातल्या एका प्रकरणाशी निगडित असे तीन दस्तऐवज, म्हणजे दोन वैज्ञानिक अहवाल आणि एक कायदा, येथे तपासून पाहू. विज्ञान शिकविणाऱ्यांना त्यात विचार करण्याजोगे बरेच काही आहे.

प्रकरण आहे कचरा जाळण्याच्या खड्ड्यांचे. इराक आणि अफगाणिस्तानातील अमेरिकी लष्करी तळांवर रोजचा कचरा मोठमोठ्या उघड्या खड्ड्यांत टाकून जाळला जाई. त्यात प्लास्टिक, रबर, रंग, बॅटऱ्या, दवाखान्यातला कचरा असे सर्व काही असे. पेटविण्यासाठी विमानाचे इंधन वापरले जाई. बगदादच्या उत्तरेकडील बलाद येथील तळावर २००७ च्या सुमारास रोज शंभर ते दोनशे टन कचरा जाळला जात होता. तो खड्डा २००९ मध्ये बंद झाला. कमी तापमानाला, अपुऱ्या हवेत क्लोरीनयुक्त प्लास्टिक जळले की डायॉक्सिन गटातील संयुगे तयार होतात, हे रसायनशास्त्राला ठाऊक आहे. त्याच धुरात बेंझीन, बहुचक्रीय हायड्रोकार्बने आणि अतिसूक्ष्म कणही असतात. घरी परतलेल्या अनेक सैनिकांना दमा, न थांबणारा खोकला, तर काहींना कर्करोग झाला. त्यांनी उपचार आणि निवृत्तिवेतनासाठी माजी सैनिक खात्याकडे दावे केले. २००७ ते २०२० या काळात अशा सुमारे १२,५०० जणांच्या दाव्यांचा निकाल लागला. त्यांपैकी सुमारे २,८०० जणांचा एखादा तरी आजार मान्य झाला. म्हणजे चारांत एकाचाही नाही. नाकारलेले सगळेच दावे खरे होते असे नव्हे. पण 'तुमचा आजार त्या धुरामुळेच झाला हे तुम्ही दाखवा' ही अट पाळणे कोणाही एकट्या माणसाला शक्य होते का, हा खरा प्रश्न आहे.

पहिला दस्तऐवज २०११ चा. अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या वैद्यकविषयक संस्थेने बलादच्या खड्ड्याचा अभ्यास केला. समितीपुढे हवेचे नमुने होते ते मुख्यतः २००७ आणि २००९ मधले. खड्ड्यात रोज नेमके काय आणि किती जळले याची नोंद नव्हती. कोणता सैनिक किती दिवस, वाऱ्याच्या कोणत्या बाजूला राहत होता, याचीही नोंद नव्हती. हवेत सूक्ष्म कण फार होते, पण त्यांत वाळवंटातली धूळ आणि वाहनांचा धूरही मिसळलेला होता. दीर्घकालीन परिणामांविषयी निश्चित काही सांगण्यास माहिती अपुरी आहे, असा निष्कर्ष समितीने काढला. हातातली माहिती पाहता दुसरा निष्कर्ष निघणे अवघड होते.

दुसरा दस्तऐवज २०२० चा. या वेळी श्वसनसंस्थेच्या २७ आजारांचा आणि लक्षणांचा विचार झाला. जुनाट खोकला, धाप लागणे आणि छातीत घरघर या लक्षणांबाबत 'मर्यादित पुरावा' आहे असे समितीने म्हटले. दमा आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्यासह बाकीच्यांसमोर 'अपुरा' असाच शेरा आला. मधल्या काळात, २०१४ मध्ये, सैनिकांनी स्वतः माहिती भरायची एक नोंदवही सुरू झाली होती. परंतु ज्यांना त्रास होतो तेच अशा नोंदवहीत जास्त संख्येने नाव घालतात आणि धुराचे प्रमाण त्यांना आठवणीने सांगावे लागते. कार्यकारणभाव ठरविण्यासाठी ती उपयोगाची नाही, असे २०१७ च्या एका अहवालाने स्पष्ट केले होते.

आता, नोंदी नसल्या की सांख्यिकीचे काय होते ते एका छोट्या हिशेबाने पाहू. हा हिशेब दहावीच्या वर्गातही फळ्यावर मांडता येईल. समजा एका तळावर १,००० सैनिक होते आणि एरवी त्यांच्यापैकी ८ जणांना एखादा आजार झाला असता. खड्ड्याजवळ २५० जण राहत होते आणि धुरामुळे त्यांचा धोका दुप्पट झाला. या २५० जणांत एरवी २ रुग्ण निघाले असते, ते आता ४ निघतील. उरलेल्या ७५० जणांत पूर्वीसारखेच ६. एकूण १०. कोण कोठे राहत होते याची नोंद असेल, तर जवळच्या गटात धोका दुप्पट झाल्याचे निदान शोधता तरी येईल. असे अनेक तळ एकत्र केले तर ते ठळकही दिसेल. नोंद नसेल, तर आपल्या हाती एवढेच राहते की ८ अपेक्षित होते आणि १० मिळाले. शंभर टक्के वाढ पंचवीस टक्क्यांवर आली. त्यात ८ च्या ठिकाणी १० होणे हे निव्वळ योगायोगानेही सहज घडते, म्हणून अहवाल म्हणेल : 'पुरावा अपुरा.'

यात भर पडते ती आणखी एका गोष्टीची. सैन्यात निरोगी माणसेच निवडून घेतात. त्यामुळे सैनिकांची तुलना सर्वसाधारण जनतेशी केली तर धोका असूनही ते बरे दिसतात. थोडक्यात, मोजमापातली प्रत्येक उणीव तराजूचे पारडे एकाच बाजूला, 'परिणाम नाही' या बाजूला, झुकविते असे नेहमीच होत नाही. पण येथे मुख्य उणिवा तसे करीत होत्या. आणि मोजमाप करण्याची जबाबदारी होती ती आग पेटविणाऱ्याची, धूर घेणाऱ्याची नव्हे. ज्याने वही ठेवली नाही, त्यालाच वही नसल्याचा फायदा मिळत होता.

तिसरा दस्तऐवज म्हणजे पॅक्ट नावाने ओळखला जाणारा कायदा. १० ऑगस्ट २०२२ रोजी त्यावर राष्ट्राध्यक्ष बायडन यांची सही झाली. त्याने ओझे दुसऱ्या खांद्यावर टाकले. ठरावीक देशांत, ठरावीक तारखेनंतर सेवा केलेल्या सैनिकाला यादीतला आजार झाला, तर तो सेवेमुळेच झाला असे गृहीत धरायचे. यादीत वीसहून अधिक आजार आहेत. दमा आणि श्वसनसंस्थेचे कर्करोग त्यांतच येतात. माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेत नाव असलेल्या प्रत्येकाची विषारी संपर्काबाबत ठरावीक काळाने विचारपूस करण्याची तरतूदही आहे.

दोन वर्षांपूर्वी ज्या आजारांसमोर 'अपुरा' असे लिहिले गेले, ते कायद्याने मान्य केले. मग कायद्याने विज्ञानाला धाब्यावर बसविले काय? तसे वाटत नाही. वैज्ञानिक निष्कर्ष आणि न्याय्य निर्णय या दोन निराळ्या वस्तू आहेत. नवा शोध जाहीर करताना आपण सावध असतो, कारण चुकीचा शोध मान्य होणे वाईट. पण आजारी माणसाला उपचार द्यायचे की नाही हे ठरविताना चुका दोन प्रकारच्या होऊ शकतात : पात्र नसलेल्याला मदत मिळणे आणि पात्र असलेल्याला न मिळणे. यांतली कोणती चूक अधिक वाईट, हे सांख्यिकी सांगू शकत नाही. ते समाजाने ठरवायचे असते. मात्र एक गोष्ट वर्गात स्पष्ट सांगायला हवी : कायद्याने गृहीत धरले म्हणजे धुरानेच तो कर्करोग झाला हे सिद्ध झाले, असे नव्हे.

तेव्हा तत्त्व योग्य आहे. दोष आहे तो पद्धतीत. यादी म्हटली की तिला कडा आल्या आणि कडेच्या बाहेर कोणीतरी राहणार. व्हिएतनाम युद्धाची हकिगत येथे आठवावी. १९६२ ते १९७१ या काळात तेथे जंगलांवर पर्णनाशके फवारली गेली. त्यांतल्या 'एजंट ऑरेंज'मध्ये टीसीडीडी हे अत्यंत विषारी डायॉक्सिन अशुद्धीच्या रूपाने होते. १९९१ च्या कायद्याने त्या सैनिकांसाठी गृहीत धरण्याची पद्धत आणली आणि दर दोन वर्षांनी पुराव्याचा आढावा घेण्याची व्यवस्था केली. व्यवस्था चांगली होती, अंमल संथ होता. उच्च रक्तदाबाला २००६ च्या आढाव्यात 'मर्यादित' आणि २०१८ च्या आढाव्यात 'पुरेसा' पुरावा असल्याचे म्हटले गेले. यादीत तो आला २०२२ मध्ये, याच पॅक्ट कायद्याने. किनाऱ्याजवळच्या जहाजांवरील नौसैनिकांनी जमिनीवर पाय ठेवला नव्हता म्हणून त्यांना वगळण्यात आले होते. त्यांच्यासाठी २०१९ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. आजाराला एवढी सवड नसते.

पॅक्ट कायद्याच्या यादीतही असेच घडले. ल्युकेमिया, मल्टिपल मायलोमा आणि मूत्राशयाचा कर्करोग त्यात जानेवारी २०२५ मध्ये वाढविले गेले. भर पडते ही चांगलीच गोष्ट. पण तोपर्यंत या आजाराच्या सैनिकाला पुन्हा जुन्याच वाटेने, एकट्याने पुरावा गोळा करीत जावे लागत होते.

दुसरी कडा अधिक खोल आहे. धूर गणवेश पाहून फुप्फुसात शिरत नाही. त्या तळांवर खासगी कंत्राटदारांचे कामगार होते, कुंपणाबाहेर इराकी आणि अफगाण वस्त्या होत्या. ते या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. व्हिएतनामी शेतकऱ्यांनाही अमेरिकी सैनिकांच्या यादीचा लाभ नाही. एखादे राष्ट्र आपल्या सैनिकांचा विचार आधी करणार हे समजण्यासारखे आहे. तरीही, एकाच धुराला एका शरीरात कारण मानायचे आणि शेजारच्या शरीरात त्याचा विचारही करायचा नाही, याला विज्ञानाचा आधार नाही, हे नोंदवून ठेवले पाहिजे.

तिसरा दोष भविष्याशी संबंधित आहे. गृहीत धरणे हा मोजमाप नसताना करायचा उपाय आहे. त्याने मोजमापाची गरज संपत नाही. पुढच्या तळावर हवेचे नमुने पहिल्या दिवसापासून घेतले नाहीत आणि प्रत्येक सैनिकाच्या मुक्कामाची नोंद त्याच्या आरोग्यपत्रिकेला जोडली नाही, तर वीस वर्षांनी तेच वाक्य पुन्हा लिहावे लागेल.

गृहीत धरण्याचे तत्त्व आपल्यालाही परके नाही. आपल्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात व्यवसायजन्य रोगांची अनुसूची होती आणि ठरावीक कामात ठरावीक रोग झाल्यास तो कामामुळेच झाला असे धरण्याची तरतूद होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात, तेव्हाच्या नियमांचा अर्थ लावताना म्हटले होते की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे उद्भवला आणि त्यामुळे सैनिकाला सेवेतून काढले, तर तो सेवेमुळे झाला असे सामान्यतः मानावे. तसे नसल्यास ते सरकारने दाखवावे. ज्या शाळांत माजी सैनिकांची मुले शिकतात, तेथील शिक्षकांना हे माहीत असलेले बरे.

विद्यार्थ्यांना मात्र याहून साधी सवय लावता येईल. वर्तमानपत्रात 'अमुक पदार्थाने अपाय होतो याचा पुरावा नाही' असे वाक्य आले की तीन प्रश्न विचारायचे : कोणी शोधले? कसे मोजले? आणि मोजण्याची जबाबदारी कोणाची होती? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत त्या वाक्याचा अर्थ पूर्ण झाला असे समजू नये.