ड्रमांचे रंग आणि त्यांची नावे : एक टीकात्मक टिपण

पाश्चात्य ड्रमांच्या जुन्या विक्रीपत्रिका चाळू लागले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. रंगाचे नाव स्थिर राहते. ज्याला ते दिले तो रंग मात्र चाळीस-पन्नास वर्षांत जागा सोडून गेलेला असतो. जुन्या वाद्यांची वर्णने करणारे संग्राहक या भेदाची पुरेशी कदर करीत नाहीत, अशी प्रस्तुत लेखकाची हरकत आहे.

1920 च्या दशकापासून अमेरिकेत ड्रमाच्या लाकडी पिंपावर मोत्याच्या झाकेचे सेल्युलॉइडचे पत्रे चिकटविण्याची पद्धत रूढ झाली आणि पुढे 1960 च्या दशकापर्यंत ती चालली. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज व कापूर यांचे मिश्रण. प्रकाश व उष्णता यांनी त्याचे संथ विघटन होते व ते पिवळे पडते. परिणामी ‘व्हाइट मरीन पर्ल’ या नावाचा पांढरा हस्तिदंती होतो, लडविग कंपनीच्या ‘स्काय ब्लू पर्ल’मधील आकाशी रंगावर पिवळी छटा चढून तो हिरवट दिसू लागतो, चंदेरी चमकी सोनेरीकडे झुकते. ताणाचे स्क्रू ज्या धातूच्या बैठकीत बसतात ती काढली, तर तिच्याखाली मूळ रंग पुष्कळदा शाबूत सापडतो. पत्रिकेतील नाव खरे आहे ते तेवढ्या बोटभर जागेपुरते.

संग्राहकांनी यावर आपली काही नावे घडविली आहेत. पिवळ्या पडलेल्या चंदेरी चमकीला ते ‘जिंजर एल’ म्हणतात. हे नाव मला कारखान्याच्या कोणत्याही नावाहून सरस वाटते, कारण त्यात वस्तूचे वय सामावलेले आहे. ‘बोलिंग बॉल’ हे नाव मात्र निराळ्या जातीचे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस लडविगच्या ऑयस्टर पर्लची नक्षी बदलली, तिचे ते वर्णन आहे. वयाशी त्याचा संबंध नाही. ही दोन्ही नावे एकाच यादीत, एकाच मापाने लिहिली जातात, आणि तेथेच घोटाळा होतो. जुना चंदेरी ड्रम ‘शँपेन’ म्हणून नोंदला गेला की त्याचा काळ आणि किंमत दोन्ही चुकतात.

मराठीत लिहिणाऱ्याला येथे एक सोय आहे. पिवळसर आणि पिवळट हे शब्द एक नव्हेत. ‘-सर’ नुसती छटा सांगतो. ‘-ट’ मध्ये, निदान माझ्या कानाला, काही उणे झाल्याची जाणीव आहे. क्रियापदांतही असाच विवेक दिसतो. कापडाचा रंग उन्हाने उडतो, म्हणजे असलेला कमी होतो. जुना कागद पिवळा पडतो, म्हणजे नसलेला रंग येतो. ड्रमाच्या बाबतीत दुसरे घडते. तेव्हा अशा वाद्याला ‘विटलेले’ म्हणणे चूकच.

उलट दिशेचे उदाहरण कुर्ल्यात रोज ऐकू येते. ‘ड्युको’ हे 1920 च्या दशकात ड्यू पाँ कंपनीने मोटारींसाठी काढलेल्या नायट्रोसेल्युलोज रंगाचे व्यापारी नाव. 1930 व 1940 च्या दशकांतील दुरंगी फवारलेल्या ड्रमांनाही पत्रिकांत ‘ड्युको’च म्हटले आहे. 1944 साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मोटार-कारखाना याच कुर्ल्यात होता. (इंग्लंडच्या ड्रमकंपनीचे नावही प्रीमियरच, हा निव्वळ योगायोग.) आज येथील गॅरेजवाला ‘ड्युको मारला’ म्हणतो, सुतारही म्हणतो, आणि डब्यातले रसायन बहुधा निराळेच असते. सेल्युलॉइडच्या बाबतीत नाव जागेवर राहून रंग सरकला. येथे नावच एका द्रव्यावरून दुसऱ्यावर सरकले.

पुढील इतिहास थोडक्यात पुरे : 1960 च्या दशकाअखेर ‘सायकेडेलिक रेड’, ‘मॉड ऑरेंज’ यांसारखी भडक नावे, 1972 पासून लडविगचे पारदर्शक ॲक्रिलिकचे ड्रम, आणि त्याच दशकात उघड्या लाकडाची आवड.

प्रश्न उरतो तो जुन्या ड्रमावर नवा पत्रा चढविण्याचा. वाजविणाऱ्याला मिरवणुकीत ड्रम नवा दिसावा असे वाटते, आणि ते रास्तच आहे. परंतु पत्रा सोलला की बैठकीखालचा पुरावाही जातो. म्हणून सोलण्यापूर्वी निदान एवढी नोंद करावी : लडविग, पत्रिकेतील नाव स्काय ब्लू पर्ल, आज हिरवट, बैठकीखाली आकाशी.