तबकडी, सीडी आणि पायऱ्यांचे चित्र

तबकडीचा आवाज उबदार आणि सीडीचा आवाज कोरडा, असे मत संगीतप्रेमी मंडळींकडून वारंवार ऐकू येते. अमेरिकेत २०२२ साली तबकड्यांची विक्री संख्येने सीडींच्या पुढे गेली. १९८७ नंतर असे प्रथमच घडले. ज्याला जे आवडते ते त्याने ऐकावे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती या आवडीच्या समर्थनार्थ सांगितल्या जाणाऱ्या विज्ञानाबद्दल.

हे समर्थन असे असते : ध्वनीची लहर अखंड असते आणि तबकडीवरील खाच ही त्या लहरीची हुबेहूब प्रतिकृती असते. सीडीसाठी मात्र लहरीची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून केवळ आकडे नोंदले जातात. म्हणजे दोन नोंदींमधला भाग गळून जातो. सोबत पायऱ्यापायऱ्यांच्या लहरीची आकृती काढली जाते. ती पाहताक्षणी पटते, आणि म्हणूनच फळ्यावर काढण्यापूर्वी ती तपासून पाहायला हवी.

भूमितीतील एक साधी गोष्ट आठवू या. दोन बिंदू दिले की त्यांतून एकच सरळ रेषा जाते. रेषेवरील मधले असंख्य बिंदू नोंदवून ठेवावे लागत नाहीत, तरीही ते हरवत नाहीत. लहरींच्या बाबतीत असाच एक नियम आहे. त्याचा पाया हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ सालच्या कामात आहे आणि क्लॉड शॅनन यांनी तो १९४९ साली स्पष्टपणे मांडला. लहरीतील सर्वांत मोठ्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेळा तिची नोंद घेतली, तर त्या बिंदूंमधून जाऊ शकणारी लहर एकच असते. माणसाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते. ४४,१०० ची निम्मी संख्या २२,०५० होते. त्यावरील वारंवारता ध्वनिमुद्रणातच गाळली जाते आणि सीडी वाजताना पुन्हा तीच अखंड लहर तयार होते. ध्वनिवर्धकाकडे पायऱ्या जातच नाहीत. प्रत्येक नोंद ६५,५३६ पातळ्यांपैकी एकीवर बसवताना थोडी चूक होते हे खरे. पण ती अतिशय मंद खरखरीच्या रूपात उरते. सर्वांत मोठा आवाज आणि ही खरखर यांत सुमारे ९६ डेसिबलचे अंतर असते. चांगल्या तबकडीत ते ६० ते ७० डेसिबल असते.

आता खाचेकडे पाहू. ती हुबेहूब प्रतिकृती नसते. खर्जाचे स्वर आहेत तसे कोरले तर खाच शेजारच्या खाचेत घुसेल. म्हणून १,००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झचा स्वर सुमारे एक दशांश केला जातो आणि २०,००० हर्ट्झचा सुमारे दसपट. वाजवताना ही फेरफार उलटी केली जाते.

दुसरी अडचण अंतराची. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला, म्हणजे केंद्रापासून सुमारे १४.६ सेंटिमीटरवर, सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर खाच सरकते. आतल्या टोकाला, ६ सेंटिमीटरवर, केवळ २१. तितकीच कंपने निम्म्याहून कमी जागेत कोंबावी लागतात आणि सुईला त्यांचा माग काढणे कठीण जाते. ख्यालगायन ऐकणाऱ्यांनी याचा अवश्य विचार करावा. उस्ताद अमीर खाँ यांच्या प्रसिद्ध तबकडीवर एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी आहे. विलंबिताची शांत बढत बाहेरच्या मोकळ्या खाचांत येते, आणि द्रुतातील वेगवान ताना येतात त्या नेमक्या आतल्या, अडचणीच्या खाचांत. शिवाय दोन स्वरांमधील विराम हा ज्या गायकीचा प्राण, तिच्यात त्या विरामात सुईची करकर ऐकू येते. सीडीवर वेग सर्वत्र सारखाच, सेकंदाला सुमारे १.२ ते १.४ मीटर, असतो.

मग अनेकांना तबकडी सरस वाटते ती उगीचच का? नाही. पुष्कळदा फरक खरा असतो, पण त्याचे कारण वेगळे असते. सीडीसाठी ध्वनिमुद्रण तयार करताना हळू आवाज चढवून आणि मोठे आवाज दाबून सगळेच एकसारखे मोठे करण्याची प्रथा १९९० च्या दशकात बळावली. मेटॅलिका या वाद्यवृंदाच्या २००८ सालच्या 'डेथ मॅग्नेटिक' या संचावर याच कारणाने टीका झाली. हा दोष सीडीचा नसून ती बनवणाऱ्यांच्या निर्णयाचा आहे. एवढी मोठी आवाजकक्षा हाती असताना ती वापरायचीच नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

उलट बाजूचे उदाहरणही बोलके आहे. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या महागड्या तबकड्या शुद्ध अखंड ध्वनीचा नमुना म्हणून नावाजल्या जात. त्यांतील अनेकींच्या निर्मितीत आकड्यांत ध्वनी नोंदवण्याची एक पायरी होती, हे २०२२ साली उघड झाले. ती पद्धत सीडीपेक्षा सूक्ष्म होती, हे नमूद करायला हवे. परंतु आकड्यांनी संगीताचा प्राण जातो असे म्हणणाऱ्यांच्या कानांना ते वर्षानुवर्षे कळले नव्हते.

म्हणून तुलना करायची तर मूळ ध्वनिमुद्रण एकच हवे, दोन्हींचा आवाज सारखा हवा, आणि काय वाजते आहे ते ऐकणाऱ्याला ठाऊक नसावे. करकरीवरून तबकडी लगेच ओळखू येईल. त्यामुळे तबकडीचा आवाज सीडीवर नोंदवून मूळ आणि नोंद यांची तुलना करणे अधिक योग्य. १० पैकी ९ किंवा अधिक उत्तरे निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता सुमारे १ टक्का असते. तेवढी आली, तर फरक मान्य करावा.

तबकडी आवडते, तिच्या करकरीसकट आवडते, असे म्हणायला विज्ञानाची हरकत नाही. फळ्यावर मात्र पायऱ्या काढू नयेत. नुसते बिंदू काढावेत, मोठ्या वारंवारता गाळल्या आहेत ही अट सांगावी, आणि मुलांना विचारावे : या बिंदूंमधून किती लहरी जाऊ शकतील?