शिवकालीन शिपायाची सांपत्तिक स्थिती : बखरीचे आकडे आणि पत्राची साक्ष

शिवकालीन सामान्य सैनिक सुस्थितीत होता की नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुधा कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीवरून देण्यात येते. १६९७ मध्ये जिंजी येथे सिद्ध झालेल्या या बखरीत पागेच्या जुमलेदारास सालीना ५०० होन व हजारीस १००० होन, तर पायदळाच्या जुमलेदारास १०० होन व हजारीस ५०० होन असे वेतनमान आले आहे. तथापि हे आकडे अंमलदारांचे आहेत. पाईक व बारगीर यांच्या वेतनाविषयी बखर तितक्या नेमकेपणाने बोलत नाही.

ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात ही उणीव भरून काढली. त्याच्या मते पाईकास दरमहा १ ते ३, बारगिरास २ ते ५ आणि शिलेदारास ६ ते १२ होन मिळत. हे आकडे सभासदाच्या आकड्यांशेजारी ठेवले, तर पागेचा जुमलेदार बारगिराच्या ८ ते २० पट वेतन घेत होता असे दिसते. शिलेदाराचे वेतन वरकरणी मोठे भासते. परंतु घोडा त्याचा स्वतःचा असल्याने घोडा पडला की भांडवलच बुडे. वेतन म्हणजे प्राप्ती नव्हे, हे येथे ध्यानी घ्यावयास हवे. रोमन सैनिकांचा इ. स. ८१ चा इजिप्तमधील हिशेब हेच सांगतो : २४८ द्राख्मांच्या हप्त्यातून ८० अन्नापोटी कापले जात, जोडे, कपडे व गवत यांची वजावट निराळीच.

मराठी साधनांत या दृष्टीने शिवाजी महाराजांचे चिपळूण भागातील छावणीस गेलेले पत्र मोलाचे ठरते. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व वैरण बेहिशेबी खर्च केल्यास पुढे घोडी उपाशी मरतील, लोक कुणब्यांच्या घरी दाणे, भाकर, गवत व लाकूडफाटा आणण्यास जातील आणि मग रयतेस मोगलांपेक्षाही आपलेच लोक जाचक वाटतील, असा इशारा त्यात आहे. हे पत्र रयतेविषयीच्या कळवळ्याचे उदाहरण म्हणून वाचले जाते, ते यथार्थच होय. परंतु ते शिपायाच्या स्थितीचेही प्रमाण आहे. पगार ठरलेला असूनही कारकुनाचा कोठीचा हिशेब चुकताच शिपाई उपाशी पडे, आणि उपाशी शिपाई लुटारू होई.

याउलट, प्रतापगडच्या १६५९ च्या युद्धानंतर मृतांच्या विधवांस निमे वेतन व जखमींस २५ ते २०० होन दिल्याचे सभासद नमूद करतो. पाईकाच्या वार्षिक १२ ते ३६ होनांशी ताडून पाहता हे साहाय्य अल्प नव्हते. शिपायाचे बरेवाईट केवळ होनांच्या संख्येवर नव्हे, तर दाणा वेळेवर मिळण्यावर आणि पडल्यानंतर कुटुंब सांभाळले जाण्यावर अवलंबून होते, असाच निष्कर्ष यातून निघतो.

ही कसोटी पुढील काळासही लावण्याजोगी आहे. १७३७ मध्ये मराठी फौज साष्टीत उतरली, त्या मोहिमेचा विचार ठाण्याच्या किल्ल्यापुरता न ठेवता खाडीकाठच्या कोलशेतसारख्या गावांच्या बाजूनेही व्हावयास हवा. फौजेची भाकर कोणाच्या चुलीवर भाजली गेली, हे कळल्यावाचून शिपाई सुखी होता की नाही हे ठरविता येणार नाही.