बळीचा अपराध कोणता?

दिवाळीत दरवर्षी आपण एक विसंगत गोष्ट करतो आणि तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. अमावास्येला विष्णुपत्नी लक्ष्मीची पूजा होते. दुसऱ्या दिवशी पाडवा. तो दिवस तिच्याच पतीने पाताळात घातलेल्या राजाचा. ओवाळताना घरातल्या बाया इडापिडा टळावी आणि बळीचे राज्य यावे, असे म्हणतात. राज्य बळीचे हवे असेल, तर ते ज्याने घेतले त्याने वाईट केले असे होते. आणि त्याने वाईट केले असेल, तर आदल्या रात्रीच्या पूजेचे काय?

माझ्यापुरता हा प्रश्न एका दशक्रियेला सुरू झाला. माझे चुलते गेले त्याच्या आधी दोन वर्षे त्यांची तीन एकर जमीन कर्जापायी गेली होती. दहाव्याला नदीवर प्रवचन झाले. महाराजांनी वामनाची कथा लावली आणि देव ज्याच्यावर कृपा करतो त्याचे सगळे काढून घेतो, असा तिचा अर्थ सांगितला. मंडळींनी माना डोलावल्या. घरी आल्यावर चुलती मला म्हणाली, “बाबा, तू पोथ्या वाचतोस म्हणून विचारते. ह्यांचं काय चुकलं होतं ते लिहिलंय का कुठं?”

मी भूकरमापक. सरकारी नोकरीत तीस वर्षे लोकांच्या जमिनी मोजल्या. संस्कृत शाळेत होते तेवढेच. पुढचे गोरखपूरच्या गीता प्रेसची भागवताची प्रत आणि एक जुना कोश यांच्या मदतीने, रडतखडत. आपल्याकडे भागवत म्हटले की एकनाथ महाराज आठवतात, पण नाथांची टीका अकराव्या स्कंधावर आहे. बळीची कथा आठव्या स्कंधात, पंधराव्या अध्यायापासून तेविसाव्यापर्यंत येते. मूळ वाचताना मी चकित झालो, कारण चुलतीचा प्रश्न तिथे पहिल्याच दोन श्लोकांत उभा आहे. परीक्षित राजा शुकाला विचारतो की सर्वांचा ईश्वर असलेल्या हरीने दीनासारखी तीन पावले जमीन का मागितली? आणि ती मिळाल्यावर निरपराध माणसाला बांधले का? बळीला ‘निरपराध’ ठरवणारा हा शब्द पोथीचाच आहे, कोणा टीकाकाराचा नव्हे.

पुढे काय घडते ते नीट पाहावे. देवांचे राज्य गेले म्हणून अदिती कष्टी होते, कश्यपाने सांगितलेले बारा दिवसांचे पयोव्रत करते आणि तिच्या पोटी वामन येतो. म्हणजे अवताराचे कारण इंद्राला राज्य परत देणे, हे आहे. बळीचे कल्याण हा हेतू इथे कुठेच नाही. तो नंतर, काम झाल्यावर, तोंडी येतो. प्रवचनकार नेमकी हीच पायरी गाळतात.

वामन येतो, आपल्या पावलांनी तीन पावले मागतो. शुक्राचार्य त्याला ओळखतात आणि बळीला सावध करतात. अशा प्रसंगी खोटे बोलले तरी चालते, असेही सांगतात. बळी ऐकत नाही. समोर शत्रू असला तरी दिलेला शब्द मोडणार नाही, म्हणतो. गुरू त्याला शाप देतो. मग वामन वाढतो आणि दोन पावलांत सगळे संपते.

इथे माझा धंदा आडवा येतो. मोजणीत साखळी बदलता येत नाही. करार ज्या मापाने झाला त्याच मापाने बांध पडतो. घ्यायचे माप एक आणि द्यायचे माप दुसरे ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला आपल्या बाजारात काय म्हणतात, ते सांगायला नको. वामनाने पाऊल बटूचे दाखवले आणि मोजले विश्वरूपाचे. त्यावर कडी म्हणजे तिसऱ्या पावलाला जागा उरली नाही तेव्हा तोच बळीला म्हणतो की देतो म्हणून तू मला फसवलेस, आता नरकात जा. फसवणुकीचा आरोप कोणावर, तर ज्याने खोटे बोलायची मुभा नाकारली त्याच्यावर! बळी वाद घालत नाही. शब्द खोटा ठरू नये म्हणून तिसरे पाऊल माझ्या डोक्यावर ठेव, म्हणतो. नरकाची भीती नाही, अपकीर्तीची आहे, एवढेच त्याचे म्हणणे.

यानंतर बचावाची भाषणे होतात. प्रल्हाद म्हणतो, तूच दिलेस, तूच नेलेस, हा अनुग्रहच. विंध्यावली, बळीची पत्नी, म्हणते की जग तुझ्या खेळासाठी आहे, त्यावर मालकी सांगणारे आम्ही कोण. ही भक्तांची भाषणे आहेत, आणि नवऱ्याच्या गळ्याशी फास असताना बाईने केलेल्या भाषणाला मी तरी मान्यतेचा पुरावा धरणार नाही. खरा बोलतो तो ब्रह्मदेव. पाणी आणि दूर्वा मनापासून वाहणाऱ्यालाही उत्तम गती मिळते, मग तिन्ही लोक देणाऱ्याला हे दुःख का, असे तो विचारतो. त्याला उत्तर देताना देव ते प्रसिद्ध वाक्य बोलतो की मी ज्याच्यावर कृपा करतो त्याची संपत्ती हरण करतो. नदीवर सांगितले गेले ते हेच.

पण देवाचे बोलणे तिथे संपत नाही. तो पुढे बळीची स्तुती करतो. धन गेले, स्थान गेले, आप्तांनी टाकले, गुरूने शापले, तरी याने सत्य सोडले नाही. आणि मी याला धर्म सांगितला तो छलाने. ‘छल’ हा शब्द देवाच्या स्वतःच्या तोंडी आहे. तो वाचून मी पोथी मिटली आणि बराच वेळ बसून राहिलो. हजारो प्रवचनांतून जे झाकले जाते, ते ग्रंथकाराने आरोपीच्याच मुखातून वदवले आहे.

ही गोष्ट मुळात अशी नव्हती. ऋग्वेदात विष्णूची तीन पावले आहेत, बळी नाही, कपट नाही. शतपथ ब्राह्मणात विष्णू वामन आहे, पण समोर आहेत ते कंजूष असुर. विष्णू आडवा पडेल तेवढीच जागा घ्या, म्हणणारे. त्यांच्याबद्दल कोणाला वाईट वाटत नाही. बळी जसजसा उदार होत गेला तसतसा देव अडचणीत आला. भागवतकाराने बळीला इतके मोठे अजाणता केले असेल, हे मला पटत नाही.

जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’त ही कथा पार उलटी केली. वामन हा आक्रमक, बळी हा न्यायी राजा, खंडोबा आणि म्हसोबा हे त्याचे अधिकारी. महासुभा या हुद्द्यापासून म्हसोबा झाला, ही त्यांची व्युत्पत्ती टिकणारी नाही. तसे म्हणण्याने जोतीरावांचा मान कमी होत नाही, आणि फक्त व्युत्पत्तीवर बोट ठेवून पुस्तक बाजूला सारणाऱ्यांची मला चीडच येते. त्यांचा मुद्दा असा की कपट करणारा, पक्षपाती असा कोणी ईश्वर असू शकत नाही. ते नास्तिक झाले नाहीत. निधनानंतर 1891 साली निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त सर्वांना सारखे निर्माण करणारा निर्मिक त्यांनी मांडला. ग्रंथातल्या देवाला नाकारून चांगल्या देवाची जागा त्यांनी रिकामी ठेवली नाही.

मी जोतीरावांबरोबर निम्मी वाट चालतो. पक्षपाती देव पूजेला योग्य नाही, हे मान्य. पण भागवतातला देव शेवटी कुठे उभा आहे, तेही पाहायला हवे. तो बळीच्या सुतलात, हातात गदा घेऊन, दारावर. राज्य ज्याला मिळाले त्या इंद्राच्या दारी तो नाही. ज्याला फसवले त्याच्या दाराची राखण करतो आहे. याला भक्तवात्सल्य म्हणतात. मला ती भरपाई वाटते, आणि अपुरी वाटते, कारण राज्य अजून इंद्राकडेच आहे. तरीही छल कबूल करून दारात उभा राहणारा देव मला कळतो. सुरेख कारणे देणारा, नदीवरचा देव कळत नाही. त्याच्यापुढे मी हात जोडत नाही.

केरळात वामनाचे देऊळ तृक्काकऱ्याला आहे, आणि ओणमला रांगोळ्या घालून वाट पाहतात ती बळीची. तिथल्या लोकांनाही दोघांपैकी एकाला टाकावे लागलेले नाही.

हे सगळे मी चुलतीला सांगितले. चूक लिहिलेली नाही, उलट चूक नव्हती असे लिहिले आहे, म्हणालो. आणि आणखी एक गोष्ट, की सावर्णी मन्वंतरात बळी इंद्र होईल, असे वचन देवाने त्याच अध्यायात दिलेले आहे. म्हणजे पाडव्याला बाया मागतात ते राज्य पृथ्वीचे असो की स्वर्गाचे, ती थकबाकी आहे. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “ते मन्वंतर कधी यायचं?”

सध्याचे सातवे चालू आहे, सावर्णी आठवे. तिला तेवढेच सांगितले, वर्षांचा आकडा सांगितला नाही.