दोन बोटे आणि एक अपुरी मिस्सा

जॅझ संगीतातील थोर गिटारवादक जँगो राइनहार्ट याचे नाव निघाले की त्याच्या भाजलेल्या हाताची कथा प्रथम सांगितली जाते. प्रवचनकाराला ती सोयीचीही वाटते. ज्यांना जग जिप्सी म्हणते त्या भटक्या रोमा समाजात, बेल्जियममध्ये १९१० साली त्याचा जन्म झाला. वयाच्या अठराव्या वर्षी त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची अनामिका व करंगळी आखडून गेली. त्यानंतर उरलेल्या दोन बोटांवर त्याने आपले वादन नव्याने उभारले. संकटावर जिद्दीने मात, एवढे तात्पर्य काढून आपण थांबतो. ध्वनिमुद्रिका ऐकताना मात्र ते तोकडे पडते.

१९३७ सालची ‘मायनर स्विंग’ ऐकावी. तीन गिटार, एक व्हायोलिन, एक बास. ढोलाचा आधार नाही. आरंभी जँगोची गिटार व स्तेफान ग्रापेलीचे व्हायोलिन यांत प्रश्नोत्तरे रंगतात. मग जँगोची बोटे तारेवरून वरखाली अशी धावतात की, अपंगत्वाचा विसर पडतो. मागे दोन गिटार ठेका धरून आहेत. त्यांतील एक त्याच्या धाकट्या भावाची, जोसेफची. या वादनात विलाप नाही, निखळ आनंद आहे. जखमेने त्याला वाट बदलायला लावली. त्या वाटेवर काय गावे, हे जखमेने ठरवले नाही.

१९३९ साली युद्ध पेटले. ग्रापेली लंडनमध्ये राहिला, जँगो पॅरिसला परतला. नाझी राजवटीने युरोपात काही लाख रोमांचा संहार केला. त्याच काळात, १९४० साली, जँगोने ‘न्युआज’, म्हणजे ‘ढग’, ही आपली रचना ध्वनिमुद्रित केली. व्हायोलिनची जागा क्लॅरिनेटने घेतली आणि ही संथ, हुरहूर लावणारी चाल जर्मनव्याप्त पॅरिसच्या ओठी बसली.

युद्धकाळातच त्याने आपल्या समाजासाठी पवित्र मिस्सेचे संगीत रचावयास घेतले. त्याला स्वरलेखन येत नव्हते. तो सुचवी आणि जेरार लेव्हेक हा क्लॅरिनेटवादक लिहून घेई. ती मिस्सा अपुरीच राहिली. ऑर्गनवर वाजविलेला तिचा थोडा अंश तेवढा उपलब्ध आहे.

केवळ मिस्सेच्या नावामुळे या अंशाला त्याची श्रेष्ठ कृती म्हणणे भाविकपणाचे होईल, समीक्षेचे नव्हे. जँगो संत नव्हता. १९४६ साली ड्यूक एलिंग्टनसारख्या थोर संगीतकाराने त्याला अमेरिकेत पाहुणा कलावंत म्हणून नेले, तर कार्नेगी हॉलमधील एका कार्यक्रमास तो फार उशिरा पोहोचला! तथापि आपल्या उपेक्षित लोकांना देवापुढे स्वतःचे संगीत असावे, ही त्याची ओढ खरी होती. ‘न्युआज’मध्ये ती मला अधिक पूर्णत्वाने ऐकू येते.

१६ मे १९५३ रोजी, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. त्याचे उदाहरण देणाऱ्याने आधी त्याचे वादन ऐकावे. तेथे माणूस भेटतो. तात्पर्य मागाहून येते.