वर्तुळाची पहिली ओळ

धोम धरणाचा दरवाजा उघडला की पाणी आधी मेणवलीच्या घाटाशी पोचतं, मग वाईच्या गणपती घाटाशी. किती पाणी सुटेल हे दरवाजा किती उघडला आणि त्यामागे पाणी किती उंच आहे, यावर ठरतं. साडेतेरा टीएमसीच्या जलाशयावर प्रयोग करून पाहता येत नाही, म्हणून अशा व्यवस्थेची प्रतिकृती आधी संगणकात उभारतात.

आज वाचायला घेतलेला मजकूर अशाच एका लहानशा प्रतिकृतीतून निघालेला आहे. दोन चौरस मीटर तळाची टाकी, एक दरवाजा आणि पातळी राखणारा एक नियंत्रक. धोमच्या प्रत्यक्ष यंत्रणेशी त्याचा संबंध नाही, पाण्याचे नियम तेवढे तेच. सिम्युलिंक या प्रतिकृती उभारण्याच्या साधनात ठोकळे मांडले, बाणांनी जोडले आणि सिम्युलिंक कोडरने त्या चित्राचा सी भाषेतला कोड लिहून दिला. (हे साधन २०११ पर्यंत रिअल-टाइम वर्कशॉप म्हणून ओळखलं जाई.) ज्यांना मोफत साधनं हवीत त्यांच्यासाठी सायलॅब आहे. त्यातले प्रोग्रॅम सी भाषेत उतरवणाऱ्या साधनावर आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने काम केलं आहे.

अशा कोडला लोक रुक्ष म्हणतात. मला तो वाचनीय वाटतो, आणि त्याचं कारण एकच: क्रम.

चित्रात पातळीचा बाण नियंत्रकाकडे जातो, नियंत्रकाचा दरवाजाकडे, दरवाजातून सुटलेल्या पाण्याचा पुन्हा टाकीकडे. नुसतं वर्तुळ. त्याला सुरुवात नाही, शेवट नाही, आणि चित्रापुरती त्याची गरजही नाही. प्रोसेसरला मात्र एका वेळी एकच ओळ कळते. पहिली ओळ कुठली, हे कुणीतरी ठरवायलाच हवं. दर ०.१ सेकंदाला धावणारं 'स्टेप' हे फंक्शन उघडलं की उत्तर दिसतं. सुरुवात स्मृतीपासून होते. मागच्या फेरीत साठवलेली पातळी जशीच्या तशी बाहेर काढली जाते. तिच्यावरून चूक, म्हणजे हव्या पातळीपासूनचा फरक, चुकीवरून दरवाजा किती उघडायचा ते, आणि त्यावरून व उंचीच्या वर्गमूळावरून विसर्ग. हे सगळं झाल्यावर शेवटी आवक वजा विसर्ग, गुणिले ०.०५, अधिक जुनी पातळी, आणि ही बेरीज पुन्हा त्याच स्मृतीत. म्हणजे प्रत्येक क्षण कालच्या पाण्यावर उभा राहून उद्याचं पाणी ठरवतो. टाकीची सगळी गतिकी त्या एका शेवटच्या ओळीत आहे. टाकीऐवजी वर्तुळात स्मृती नसलेलेच ठोकळे असते, तर पहिली ओळ सापडलीच नसती आणि साधनाने बीजगणिती चक्राची तक्रार केली असती.

त्या ०.०५ वर जरा थांबावं. चित्रात तो आकडा कुठेच नाही. ०.१ सेकंदाला दोन चौरस मीटरने भागून साधनाने तो आधीच काढून ठेवला, दर फेरीतला भागाकार वाचवला. काटकसरीचा हा दागिना मला फार आवडतो. शिवाय ओळीच्या माथ्यावर ती ज्या ठोकळ्यातून आली त्याचं नाव टिपलेलं असतं. आपण ठोकळ्याला 'दरवाजा' म्हटलं असेल तर कोड बोलका होतो. 'गेन३' असंच ठेवलं असेल तर तो मुका राहतो, आणि तो दोष लिहिणाऱ्याचा नाही, चितारणाऱ्याचा.

कोडच्या चित्रावरच्या या निष्ठेलाही धार असते. पातळी दरवाजाच्या उंबरठ्याखाली गेली तर वर्गमूळाला ऋण संख्या मिळते. चित्रात मर्यादा घातली नसेल तर कोडही घालत नाही. पडद्यावर पाणी कधी तितकं खाली गेलंच नव्हतं, म्हणून हे दिसलं नव्हतं.

असे दोष दिसतात ते हार्डवेअरवर. त्यासाठी चित्राचे दोन भाग करायचे. नियंत्रकाचा कोड खऱ्या छोट्या बोर्डावर, टाकीचा कोड दुसऱ्या यंत्रावर, मध्ये खऱ्या तारा. बोर्डाला वाटतं समोर पाणी आहे. समोर असतो दुसऱ्या यंत्रावर फिरणारा कोड, आणि त्याला ०.१ सेकंदाची वेळ चुकवून चालत नाही. मोटारींचे नियंत्रक असेच तपासले जातात, कारण ब्रेक निकामी करून पाहायला रस्ता ही जागा नव्हे.

आता पातळीची तार काढून टाका. बोर्ड शून्य वाचतो, पाणी संपलं समजून दरवाजा बंद करतो, आणि शेजारच्या यंत्रातली टाकी काठाकडे चढू लागते. उद्योगात संदेश ४ ते २० मिलिअँपिअरमध्ये पाठवतात ते यासाठीही: रिकामी टाकी ४ दाखवते, तुटलेली तार शून्य. ही तपासणी आपण चित्रात एका ठोकळ्याने घालतो आणि कोड पुन्हा काढतो. नवा 'इफ' कुठे बसला हे पाहायला मी लगेच फाईल उघडतो. तो बसलेला असतो पातळी वाचण्याच्या ओळीनंतर आणि चूक काढण्याच्या ओळीआधी, डोक्यावर माझ्या ठोकळ्याचं नाव घेऊन.