कुणाच्या हातून? : चित्रीकरणातील अपघातांच्या भाषेविषयी

२१ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, सांता फे शहराजवळ, ‘रस्ट’ नावाच्या चित्रपटाची तालीम चालू असता नट अॅलेक बाल्डविन यांच्या हातातील रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटली. छायाचित्रणकार हॅलिना हचिन्स या मृत्यू पावल्या व दिग्दर्शक जोएल सूझा जखमी झाले. हे वाक्य लिहिताना प्रस्तुत लेखकानेही, कोणीही मराठी लेखक लिहील त्याप्रमाणे, ‘गोळी सुटली’ असेच लिहिले आहे. वाक्यात कर्ता आहे ती गोळी. माणूस आहे तो षष्ठी विभक्तीत, केवळ हाताचा धनी म्हणून. या रचनेचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

अपघाताचा दोष कोणाचा हे न्यायालयाने ठरवावयाचे असते; तेथे भाषेच्या अभ्यासकाचे काय काम, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु न्यायालयापुढे घटना येत नाही, घटनेविषयीची वाक्ये येतात. जबानी, पंचनामा, बातमी ही सारी वाक्येच. त्यांत कर्ता कोठे ठेवला आणि कोठे गाळला, हे पाहणे व्याकरणाच्या कक्षेबाहेरचे नव्हे.

मराठीत मरणे-मारणे, पडणे-पाडणे, फुटणे-फोडणे, जळणे-जाळणे, सुटणे-सोडणे अशा क्रियापदांच्या जोड्या विपुल आहेत. यांतील पहिले रूप अकर्मक. त्यात क्रिया जणू आपोआप घडते. दुसरे सकर्मक, त्यात करणारा पुढे येतो. बंदुकीच्या बाबतीत एका बाजूस ‘गोळी सुटली’, ‘बार उडाला’ ही रूपे आहेत, तर दुसऱ्या बाजूस ‘गोळी झाडली’ हे रूप आहे. पहिल्यात माणूसच नाही. दुसऱ्यात माणूस आहे, पण त्याबरोबर त्याचा हेतूही गृहीत धरला जातो. ‘त्याने गोळी झाडली’ असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात खून उभा राहतो. बातमीदार या दुसऱ्या रूपास भितो आणि पहिल्याच्या आश्रयास जातो. त्याची भीती अयोग्य नाही; तपासापूर्वी कोणासही खुनी ठरविणे हा अन्यायच. मात्र त्या सावधगिरीची किंमत अशी पडते की हयगय करणाऱ्याला वाक्यात जागाच उरत नाही.

बाल्डविन यांनी डिसेंबर २०२१ मधील दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत आपण चाप ओढला नाही असे सांगितले. शस्त्रपरीक्षकांचा अहवाल चाप ओढल्यावाचून ते रिव्हॉल्व्हर उडणार नाही असा होता. परंतु परीक्षेत शस्त्राचे काही भाग मोडले, आणि बचावपक्षास वादाचा मुद्दा मिळाला. या वादाचा निकाल लागला नाही. १२ जुलै २०२४ रोजी, काडतुसांसंबंधीचा पुरावा सरकारपक्षाने बचावपक्षास दाखविला नव्हता या कारणाने, न्यायाधीशांनी बाल्डविन यांच्यावरील खटला काढून टाकला. म्हणजे तो निर्णय पुराव्याच्या हाताळणीविषयी होता. कर्ता कोण या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही.

आपल्या वैयाकरणांना हा प्रश्न नवा नव्हता. पाणिनीच्या मते कर्ता तो, जो क्रियेत स्वतंत्र असतो. करण ते, जे क्रियासिद्धीस सर्वांत अधिक उपकारक असते. तथापि ‘तलवार छान कापते’ असेही आपण बोलतो, आणि तेव्हा करणच कर्त्याच्या आसनावर बसते. कोणत्या कारकाला कोणते स्थान द्यावयाचे हे बोलणाऱ्याच्या विवक्षेवर अवलंबून असते, असे परंपरा मानते. व्याकरणदृष्ट्या हे निर्दोष आहे. परंतु विवक्षा बदलल्याने तलवार स्वतंत्र होत नाही. वाक्यातील कर्तृत्व वक्त्याच्या इच्छेने हलविता येते, वास्तवातील उत्तरदायित्व तसे हलविता येत नाही. या दोहोंची गल्लत हाच ‘गोळी सुटली’ या वाक्याचा खरा दोष.

या अपघातात शस्त्राइतकाच एका शब्दप्रयोगाचाही वाटा होता. पोलिसांच्या प्रतिज्ञापत्राप्रमाणे शस्त्र देताना सहाय्यक दिग्दर्शकाने ‘कोल्ड गन’ अशी घोषणा केली होती. त्या व्यवसायात तिचा अर्थ ‘शस्त्रात उडण्यासारखे काही नाही’ असा. हे वाक्य वर्णन करीत नाही, हमी देते. आणि हमी देणाराने स्वतः पाहिलेले असेल तरच तिला अर्थ असतो. सिलिंडरातील सर्व काडतुसे आपण तपासावयास हवी होती, हे त्या सहाय्यकाने नंतर मान्य केले. शब्द उच्चारला गेला. त्यामागील कृती पूर्ण झालेली नव्हती.

निर्धोक शब्दांवर विसंबण्याचे याहून विलक्षण उदाहरण ३१ मार्च १९९३ चे आहे. ‘द क्रो’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात नट ब्रँडन ली यांचा मृत्यू झाला. चित्रपटात दोन प्रकारची काडतुसे वापरतात. डमी काडतुसात गोळी दिसते, पण दारू नसते; ब्लँक काडतुसात दारू असते, पण गोळी नसते. दोन्ही नावे भय दूर करणारी. तेथे घडले ते असे की, अर्धवट निकामी केलेल्या डमीची गोळी नळीत अडकून राहिली. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमधून ब्लँक उडविताच दारूच्या जोराने ती बाहेर पडली. दोन ‘खोट्या’ काडतुसांची मिळून एक खरी गोळी झाली. मध्यंतरी नळीत डोकावून पाहणे हे कोणाचे तरी काम होते.

शब्दामुळे जीव गेल्याची आठवण मराठी भाषेने एका वाक्प्रचारात जपली आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. ‘धरावे’चे ‘मारावे’ केले गेले, ही आख्यायिका. ‘ध’चा ‘मा’ करणे हा प्रयोग तिच्यातून आला. आख्यायिकेचे ऐतिहासिक मूल्य काहीही असो, तिची न्यायदृष्टी लक्षात घेण्यासारखी आहे. तलवार गारद्यांनी चालविली हे लोकांस ठाऊक होते, तरी दोष तेथेच थांबविण्यात आला नाही. रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांस दोषी धरले. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे म्हणजे काय, हे मराठी माणसास सांगावे लागत नाही.

याउलट एकच कर्ता शोधून मोकळे होणे हाही दोषच आहे. २६ जुलै १९८२ रोजी बंगळूर येथे ‘कुली’च्या चित्रीकरणात मारामारीच्या प्रसंगी अमिताभ बच्चन यांच्या पोटास गंभीर इजा झाली. समोर पुनीत इस्सर होते. त्या घटनेमुळे पुढे आपणास कामे मिळेनाशी झाली, असे त्यांनी सांगितले आहे. येथे लोकांनी सकर्मक वाक्य निवडले, ‘त्याने मारले’. आणि तो प्रसंग कोणी बसविला, ते टेबल तेथे कोणी ठेवले, हे प्रश्न त्या एका कर्त्याआड लपले. ‘रस्ट’च्या बाबतीतही शस्त्रांची देखरेख करणाऱ्या तरुणीस २०२४ मध्ये अठरा महिन्यांची कैद झाली. तिचा दोष न्यायालयात सिद्ध झाला, यात शंका नाही. परंतु १६ ऑक्टोबरला, म्हणजे पाचच दिवस आधी, त्याच ठिकाणी दोनदा शस्त्रे अवचित उडाली होती, आणि काम थांबले नव्हते. त्या राज्याच्या कामगारसुरक्षा विभागाने निर्मितिसंस्थेस प्रथम १,३६,७९३ डॉलर दंड ठोठावला तो अशाच उपेक्षेबद्दल.

हा लेख नेवासे येथे लिहिला जात आहे. म्हणून शके १२१२ मध्ये येथेच सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीचे स्मरण अपरिहार्य आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि दैव. ज्ञानेश्वरीत त्यांचा अर्थ अध्यात्मपर आहे. देह, जीव, इंद्रिये अशा क्रमाने तो जातो, आणि हेतू जीवाचा कर्तेपणाचा अहंकार उतरविण्याचा आहे. न्यायालयीन दोषनिश्चितीशी त्याचा संबंध नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तरीही पृथक्करणाची रीत म्हणून ही पंचविधा उपयोगी पडते. अधिष्ठान म्हणजे खरी काडतुसे जेथवर येऊ शकली ती जागा. कर्ता म्हणजे शस्त्र धरणारा. करण म्हणजे शस्त्र. चेष्टा म्हणजे भरणे, आणणे, घोषणा करणे, रोखणे या निरनिराळ्या माणसांच्या हालचाली. दैवाचा क्रम पाचवा आहे. आपल्या बातम्यांत मात्र ‘दुर्दैवी अपघात’ हा शब्द पहिल्याच ओळीत येतो, आणि उरलेल्या चारांची चौकशी तेथेच खुंटते.

हा प्रश्न परदेशापुरता किंवा बंदुकीपुरता नाही. मार्च २०२३ मध्ये पन्हाळगडावर ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ या चित्रपटाच्या चित्रीकरणाच्या वेळी, घोड्यांच्या देखभालीसाठी आलेला एकोणीस वर्षांचा तरुण तटावरून खाली गेला व काही दिवसांनी मरण पावला. त्याच्याविषयीचे क्रियापद ‘पडला’ हे होते. येथे कोणावर ठपका ठेवण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाही. इतकेच निदर्शनास आणावयाचे की ‘पडला’ या अकर्मक क्रियापदाचा कर्ता तो स्वतःच होतो. हातात बंदूक असलेल्या नटास भाषा वाक्याबाहेर ठेवते, आणि घोडे सांभाळणाऱ्या पोरास त्याच्याच मरणाचा कर्ता करते.

मग लिहावे कसे? ‘सुटली’ आणि ‘झाडली’ यांच्या मधली वाट मराठीने पूर्वीच काढून ठेवली आहे. ‘माझ्या हातून कप फुटला’, ‘त्याच्या हातून चूक झाली’ असे आपण नित्य म्हणतो. येथे क्रियापद अकर्मकच राहते, हेतूचा आरोप होत नाही. तथापि माणूस वाक्यात हजर असतो आणि आपला संबंध नाकारीत नाही. ‘अमक्याच्या हातातील शस्त्रातून गोळी सुटली’ आणि ‘अमक्याच्या हातून गोळी सुटली’ या दोन वाक्यांत प्रत्ययापुरते अंतर दिसते, पण पहिल्यात हात ही जागा आहे, दुसऱ्यात ती जबाबदारी आहे. शिवाय ‘हातून’चा शब्दशः अर्थही येथे लागू पडतो. शस्त्र एका हातून दुसऱ्या हाती जाते. प्रत्येक हातागणिक ‘कुणाच्या हातून?’ हा प्रश्न विचारता येतो, आणि उत्तरे अनेक असू शकतात.

हाच नियम चित्रीकरणस्थळीही लावता येईल. ‘बंदूक रिकामी आहे’ हे वाक्य कोणीही, कोणाच्याही भरवशावर म्हणू शकतो. ‘मी उघडून पाहिली, रिकामी आहे’ हे वाक्य न पाहता म्हणणारास खोटे बोलावे लागते. देणाराने हे वाक्य उच्चारावे, घेणारानेही स्वतः पाहून ते पुन्हा उच्चारावे, आणि दोघांची नावे लिहून ठेवावीत. खरे काडतूस त्या आवारात येऊच न देणे हा पहिला उपाय. वाक्याची ही शिस्त त्याची जागा घेऊ शकत नाही, त्यास केवळ पूरक ठरते.

ज्ञानेश्वरीच्या अखेरीस काल सांगितला आहे, टीका ज्ञानेश्वरांनी केली असे सांगितले आहे, आणि ती लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा यांचेही नाव आले आहे. रचणारा कोण आणि लिहिणारा कोण, हे निरनिराळे नोंदविण्याची काळजी येथे सातशे वर्षांपूर्वी घेतली गेली. ज्या कामात माणसाचा जीव जाऊ शकतो, त्या कामाच्या नोंदीत तरी तितकी काळजी असावी, एवढीच अपेक्षा.